स्लाइड रोखली तरी आवाज उरतोच

अर्ध-स्वयंचलित पिस्तुलातून गोळी सुटली की नळीवरची पोलादी स्लाइड झटक्याने मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि स्प्रिंगच्या जोरावर पुढे येताना मॅगझिनमधले नवे काडतूस नळीत सरकवते. सायलेन्सर लावून वापरायच्या काही पिस्तुलांत ही हालचाल मुद्दाम बंद ठेवण्याची सोय केलेली असते. स्लाइड पुढच्याच जागी अडकवून ठेवली जाते. गोळी जाते, पण स्लाइड जागची हलत नाही. पुढची गोळी झाडायची तर अडकण सोडवून स्लाइड हाताने ओढावी लागते. एवढ्या साध्या यंत्रणेभोवती भरपूर दंतकथा जमल्या आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच चित्रपटांनी रुजवल्या आहेत.

सर्वांत पक्का समज असा की सायलेन्सर आणि वर स्लाइडला कुलूप, म्हणजे पिस्तूल मुकेच झाले. प्रत्यक्षात पिस्तुलाचा आवाज एका जागेवरून येत नाही. नळीच्या तोंडातून दाबाखालचा तप्त वायू एकदम बाहेर पडतो, तो मुख्य धमाका. गोळी ध्वनीपेक्षा वेगाने गेली तर हवेत वेगळा कडाका उठतो. पुंगळी बाहेर पडण्याच्या खिडकीतून उरलेला वायू फुस्सकन निसटतो, स्लाइड आपटते, आणि शेवटी गोळी जिथे लागते तिथला आवाज असतोच. सायलेन्सर यांतला पहिला आवाज घटवतो. स्लाइड रोखल्याने खिडकीतला वायू आणि धातूची आपटणी या दोन गोष्टी थांबतात. कडाका आणि लक्ष्यावरचा आघात यांना दोन्ही उपाय हात लावत नाहीत.

आकड्यांत पाहिले तर चित्र स्पष्ट होते. साध्या 9 मिमी पिस्तुलाचा धमाका 160 डेसिबलच्या आसपास असतो, आणि चांगला सायलेन्सर तो साधारण 125 ते 135 डेसिबलपर्यंत आणतो. डेसिबलची मोजपट्टी लॉगॅरिथमवर चालते, त्यामुळे 30 डेसिबलची घट म्हणजे ध्वनीची तीव्रता हजारपट कमी. कान वाचवण्याच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे, पण 130 डेसिबलला कोणीही शांतता म्हणणार नाही. यात स्लाइड रोखल्याने पडणारी भर तुलनेने किरकोळ असते. नळीच्या तोंडाशी मोजले तर फरक जवळजवळ दिसत नाही. तो जाणवतो तो पिस्तूल धरणाऱ्याच्या कानाशी, कारण खिडकी त्याच्या तोंडासमोर असते.

गोळीच्या वेगाचा मुद्दा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. 20 अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग सेकंदाला 343 मीटर असतो, आणि 9 मिमीची नेहमीची हलकी गोळी त्याहून थोडी वेगाने जाते. म्हणून सायलेन्सरसाठी जड गोळीची, मंद वेगाची काडतुसे वापरतात. 147 ग्रेनची गोळी सेकंदाला 300 मीटरच्या आसपास राहते. .45 आणि .32 बोअरच्या नेहमीच्या गोळ्या मुळातच ध्वनीपेक्षा मंद. हवामानही इथे हात घालते. मध्य प्रदेशातल्या सौसर-लोधीखेडा पट्ट्यात मे महिन्यात पारा 45 अंशांकडे जातो, तेव्हा ध्वनीचा वेग सेकंदाला 358 मीटरच्या घरात असतो. जानेवारीच्या पहाटे 8 अंशांना तो 336 वर उतरतो. म्हणजे सेकंदाला 350 मीटरने जाणारी गोळी थंडीत कडाका करील आणि उन्हाळ्याच्या दुपारी करणार नाही. (उष्णतेने दारूचा जोरही थोडा वाढतो, त्यामुळे हिशेब इतका सरळ राहत नाही.) स्लाइडच्या कुलपाचा या सगळ्याशी काडीचा संबंध नाही.

नावांचाही घोटाळा होतो. शेवटची गोळी संपल्यावर स्लाइड मागच्या बाजूला अडून राहते, ती ‘स्लाइड स्टॉप’ची करामत. हा खटका जवळपास प्रत्येक आधुनिक पिस्तुलावर असतो आणि आवाजाशी त्याचे देणेघेणे नसते. ग्लॉक कंपनी तर पिस्तूल सुटे करताना दाबायच्या पट्टीला ‘स्लाइड लॉक’ म्हणते. आवाजासाठीचे कुलूप या दोहोंहून वेगळे. ते स्लाइडला पुढे, मिटलेल्या स्थितीत धरते आणि फार थोड्या पिस्तुलांवर आढळते.

कुलपाशिवाय सायलेन्सर चालतच नाही, हाही गैरसमजच. भारतीय लष्कर आणि पोलिसांकडे असलेले ईशापूरच्या रायफल फॅक्टरीचे 9 मिमी 1ए पिस्तूल ब्राउनिंग हाय-पॉवरवर बेतलेले आहे. अशा पिस्तुलांत नळी स्लाइडबरोबर किंचित मागे सरकते आणि खाली झुकते. त्या नळीला सायलेन्सरचे वजन टांगले की ती नीट हलत नाही आणि पिस्तूल अडकते. यावर ‘बूस्टर’ नावाचा तोडगा आहे: सायलेन्सरच्या बुडाशी स्प्रिंग आणि दट्ट्या बसवून ते वजन क्षणभर नळीपासून वेगळे केले जाते. स्थिर नळीच्या .22 किंवा .32 पिस्तुलांना त्याचीही गरज पडत नाही. तिथे उलट मागे वाढलेल्या दाबाने स्लाइड जास्तच जोरात फिरते.

मग कुलूप आले कुठून? दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी ‘वेलरॉड’ बनवले, पण त्यात स्लाइडच नव्हती; प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने फिरवावा लागे. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी नौदलाच्या सील पथकांसाठी स्मिथ अँड वेसनच्या मॉडेल 39 वरून ‘मार्क 22’ तयार झाले. पहाऱ्यावरचे कुत्रे गप्प करायचे हत्यार म्हणून त्याला ‘हश पपी’ हे टोपणनाव पडले. स्लाइड अडकवण्याचा खटका आणि मंद वेगाची खास काडतुसे ही त्याची ओळख. चीनच्या टाइप 64 आणि टाइप 67 पिस्तुलांतही अशीच सोय होती. पुढे हा मार्ग मागे पडला, कारण एक गोळी झाडून हाताने दुसरी भरत बसणे लढाईत परवडत नाही. आता तो टिकून आहे तो अगदी वेगळ्या कामात: स्वित्झर्लंडच्या बी अँड टी कंपनीचे हाताने भरायचे व्हीपी9 पिस्तूल जखमी जनावरांना वेदनामुक्त मरण देण्यासाठी, पशुवैद्यकीय उपयोगाचे म्हणून पुढे आले.

कुलपामुळे गोळीचा वेग आणि मारक शक्ती वाढते, असेही ठासून सांगितले जाते. स्लाइड आणि नळी एकमेकांपासून सुटण्याआधीच गोळी नळीबाहेर गेलेली असते, तेव्हा वाढ झालीच तर नगण्य. झीज मात्र खरी: मागे जाण्याचा सगळा झटका त्या लहानशा अडकणीवर येतो. रिव्हॉल्व्हरला तर हा विषयच लागू नाही. तिथे चक्र आणि नळी यांच्या फटीतून वायू निसटतो, म्हणून सायलेन्सर बहुधा वाया जातो. 1895 चे नागां रिव्हॉल्व्हर हा ठळक अपवाद, कारण त्याचे चक्र पुढे सरकून ती फट बुजवते.

पुंगळी खाली पडली नाही म्हणजे पुरावा उरला नाही, ही समजूतही फोल आहे. नळीतल्या आट्यांच्या खुणा गोळीवर उमटतात, आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळा, मग ती मध्य प्रदेशातल्या सागरची असो वा मुंबईतल्या कलिन्याची, त्या खुणांवरून तुलना करते.

शेवटचा समज भारतापुरता. सायलेन्सर हा निव्वळ सुटा भाग, बंदुकीचा परवाना असला की तो चालतो, असे अनेकांना वाटते. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 2(1)(इ) मधील अग्निशस्त्राच्या व्याख्येतच आवाज किंवा ज्वाळा कमी करणारी उपसाधने समाविष्ट आहेत. म्हणजे एकटा सायलेन्सरही कायद्याने अग्निशस्त्र ठरतो. पांढुर्णा जिल्ह्यातल्या एखाद्या बागाइतदाराकडे पीकराखणीच्या बंदुकीचा परवाना असला, तरी त्या परवान्यात सायलेन्सर येत नाही. तो विनापरवाना जवळ बाळगणे हाच गुन्हा आहे.