मानमोडी, बर्ड फ्लू आणि आपले खुराडे

पहाटे कोंबडा आरवला नाही, तर घराला काहीतरी चुकल्यासारखे वाटते. ज्यांच्या परसात चार-सहा कोंबड्या आहेत, त्यांना हे सांगावयास नको. अंडी विकून मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च भागविणाऱ्या गृहिणी आपल्या देशात गावोगाव आहेत. त्यांची शिल्लक पेढीत नसते, डालग्याखाली असते. अशा घरी एके सकाळी खुराडे उघडावे आणि दोन कोंबड्या मरून पडलेल्या, तिसरी मान वाकडी करून धापा टाकीत असलेली दिसावी, हा प्रसंग लहानसा नव्हे. त्या वेळी आपण जे करू, त्यावर सबंध गावाच्या कोंबड्यांचे भवितव्य अवलंबून असते. म्हणून या रोगांची ओळख आधीच करून घेतलेली बरी.

पक्ष्यांच्या विषाणुजन्य रोगांपैकी आपल्याकडे सर्वांत परिचित म्हणजे मानमोडी. ग्रंथांत त्याला राणीखेत म्हणतात. १९२६ साली जावा बेटात आणि इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे हा रोग ओळखला गेला आणि १९२७ साली कुमाऊँच्या डोंगरातील राणीखेत येथे तो आढळल्याने भारतात त्याला त्या सुंदर गावाचे नाव चिकटले. हिरवट हगवण, धाप, लुळे पडलेले पाय आणि पिळवटलेली मान ही त्याची लक्षणे होत. रोग आला की कळपच्या कळप जातो. परंतु त्याच कुमाऊँमधील मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेत १९४० नंतरच्या दशकात या विषाणूला कोंबडीच्या उबविलेल्या अंड्यांत पुनःपुन्हा वाढवून सौम्य करण्यात आले आणि त्यापासून लस सिद्ध झाली. आजही पिलांना पहिल्या आठवड्यात डोळ्यात अथवा नाकात थेंब आणि पुढे सहा ते आठ आठवड्यांची झाल्यावर टोचणी, असा साधा क्रम पाळला तर मानमोडीचे भय बरेचसे सरते.

दुसरा रोग बर्ड फ्लू. हा इन्फ्लुएंझाच्या विषाणूमुळे होतो. योगायोग असा की, १९१८ साली माणसांत आलेल्या इन्फ्लुएंझाच्या भयंकर साथीलाही महाराष्ट्रातील लोक मानमोडीच म्हणत असत. कोंबड्यांच्या मानमोडीचा विषाणू अगदी निराळ्या कुळातला. परंतु बर्ड फ्लूचा विषाणू मात्र त्या १९१८ च्या साथीच्या कुळातील आहे. त्याच्याकडे अधिक गांभीर्याने पाहावे लागते, ते यामुळेच.

आता आपण विचाराल, हा येतो कोठून? इन्फ्लुएंझाचे सौम्य विषाणू रानबदकांच्या आतड्यांत फार पूर्वीपासून नांदत आले आहेत. बदकाला त्यांचा विशेष त्रास होत नाही. त्याच्या विष्ठेतून ते तळ्याच्या पाण्यात उतरतात आणि थंड पाण्यात पुष्कळ दिवस टिकतात. तेथून ते पाळीव पक्ष्यांच्या दाटीत शिरले म्हणजे एकापासून दुसऱ्याला लागत लागत त्यांतील काही घातक रूप धारण करतात. १९९६ साली चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील पाळीव हंसांत सापडलेला एच५एन१ हा असाच एक. पुढच्याच वर्षी हाँगकाँगमध्ये त्याने १८ माणसांना गाठले, त्यांपैकी ६ दगावली. पुढे हा घातक विषाणू उलट रानपक्ष्यांकडे गेला. २००५ साली चीनमधील चिंगहाय सरोवराकाठी हजारो रानपक्षी मेले.

आपल्याकडे त्याचा प्रत्यय हिमाचल प्रदेशात आला. कांगडा जिल्ह्यात बियास नदीवर पोंग धरणाचा विस्तीर्ण जलाशय आहे. हिमालयाची शिखरे ओलांडून पट्टकादंब हंसांचे थवे तेथे हिवाळ्यात उतरतात. २०२० च्या डिसेंबरअखेर आणि २०२१ च्या जानेवारीत तेथे चार हजारांहून अधिक पक्षी मृत आढळले. त्यांत बहुसंख्य हेच हंस होते. तेव्हा पाहुण्या पक्ष्यांना अपराधी ठरवून त्यांच्यावर दगड उचलणे हा न्याय नव्हे. तेही या रोगाचे बळीच आहेत. आपण इतकेच करावे की, त्यांच्या तळ्यावर आपली बदके-कोंबड्या सोडू नयेत आणि त्यांचे पाणी खुराड्यात आणू नये.

कोंबड्यांत हा रोग भारतात प्रथम निश्चित झाला तो २००६ च्या फेब्रुवारीत, महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे. लाखो पक्षी नष्ट करावे लागले. हा उपाय कठोर आहे खरा. परंतु एका शेडमधील रोग गाडीच्या चाकांबरोबर, पिंजऱ्यांबरोबर आणि माणसाच्या पायताणाबरोबर दहा गावांना पोचतो, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे कारण उमगते.

येथेच आपली खरी परीक्षा आहे. कोंबडी मलूल दिसताच मनात येते, मरण्यापूर्वी बाजारात नेऊन चार पैसे करावेत. कोणाला सांगू नये. हा मोह स्वाभाविक असला तरी तो सर्वांत महागात पडतो. आजारी कोंबडी बाजारात गेली की रोग बाजारभर होतो. शिवाय सरकारने नष्ट केलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते, रोगाने आधीच मेलेल्यांची मिळत नाही. म्हणजे लपविण्यात पुण्य तर नाहीच, पण लाभही नाही. २००९ च्या कायद्यानुसार तर असा संसर्गजन्य रोग दिसताच गावच्या अधिकाऱ्याला अथवा पंचायतीला कळविणे हे मालकाचे कर्तव्यच आहे. मानमोडी आणि बर्ड फ्लू बाह्यतः इतके सारखे दिसतात की निवाडा प्रयोगशाळेतच होतो. बर्ड फ्लूची अंतिम तपासणी भोपाळच्या राष्ट्रीय संस्थेत केली जाते.

तेव्हा अचानक अनेक पक्षी मेले तर पशुवैद्यकीय दवाखान्यात तत्काळ कळवा. उरलेले पक्षी कोंडून ठेवा. मेलेले पक्षी उघड्या हातांनी उचलू नका, ओढ्यात वा उकिरड्यावर टाकू नका, आणि मुलांना तेथे फिरकू देऊ नका. माणसाला हा रोग क्वचितच होतो, पण झाला तर जिवावर बेततो; जुलै २०२१ मध्ये दिल्लीत एक अकरा वर्षांचा मुलगा त्याने दगावला. कोंबड्यांत राबणाऱ्याला ताप आला तर डॉक्टरांना ती गोष्ट आवर्जून सांगावी. खाण्याविषयी मात्र धास्ती नको. निरोगी पक्ष्याचे मांस व अंडी आतपर्यंत नीट शिजविली म्हणजे विषाणू उरत नाही.

आपण वेळेवर तोंड उघडले तर आपल्या चार कोंबड्या कदाचित जातील. परंतु शेजारणीच्या डालग्याखालची शिल्लक वाचेल. उद्या तिनेही आपल्यासाठी तेवढेच करावे, अशी अपेक्षा मग आपल्याला हक्काने धरता येईल.