गटात बरे होणारे मन

वर्गातला एक प्रसंग आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. अपूर्णांकांचा भागाकार शिकवून झाला आहे. "समजलं का?" असे विचारल्यावर सगळा वर्ग गप्प आहे. आपण सोडून सर्वांना समजले, असे प्रत्येकाला वाटते आहे. तेवढ्यात एक मुलगी धीर करून म्हणते, "बाई, मला नाही कळलं." लगेच आणखी दहा हात वर होतात. भागाकार अजून तितकाच अवघड आहे, पण वर्गावरचा ताण उतरलेला असतो.

हा ताण का उतरतो? मानसोपचारातली 'गटोपचार' नावाची शाखा याच प्रश्नाभोवती वाढली आहे. गंमत म्हणजे तिची सुरुवातही एका वर्गातूनच झाली.

क्षयरोग्यांचा वर्ग

१९०५ साली अमेरिकेतील बोस्टन शहरात जोसेफ प्रॅट नावाचे डॉक्टर गरीब क्षयरोग्यांवर उपचार करीत होते. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागायला अजून जवळजवळ चाळीस वर्षे होती. विश्रांती, मोकळी हवा आणि सकस आहार हाच काय तो उपचार. पैसेवाले रोगी आरोग्यधामात जात. गरिबांना हे सारे घरीच जमवावे लागे. प्रत्येकाला वेगळे समजावून सांगण्यात वेळ फार जाई, म्हणून प्रॅट यांनी पंधरा-वीस रोग्यांचा आठवड्यातून एकदा वर्ग भरवायला सुरुवात केली. प्रत्येकाने ताप, आहार आणि विश्रांती यांची रोजची नोंद वहीत करायची आणि वही वर्गात दाखवायची.

हेतू वेळ वाचवण्याचा होता. पण वेगवेगळ्या वंशांची आणि पंथांची ही माणसे एकमेकांना धीर देऊ लागली. एकाचे वजन वाढले की दुसऱ्याची आशा वाढे. एकत्र बसण्याचाच काही परिणाम होत असावा, हे प्रॅट यांच्या ध्यानात आले. पुढे १९३० मध्ये त्यांनी मानसिक कारणांनी शारीरिक त्रास होणाऱ्या रोग्यांसाठीही असाच वर्ग काढला.

आपण दुसऱ्याला कसे दिसतो?

दुसरा धागा १९४६ सालचा. हिटलरच्या उदयानंतर जर्मनी सोडून अमेरिकेत आलेले मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी कनेक्टिकट राज्यात एक कार्यशाळा घेतली. जागा होती न्यू ब्रिटन येथील अध्यापक महाविद्यालय. शिक्षक आणि समाजसेवक यांनी वांशिक व धार्मिक तेढ कशी कमी करावी, हा विषय होता. दिवसभर गटचर्चा चालत आणि संध्याकाळी संशोधक आपली निरीक्षणे एकमेकांना सांगत. एका संध्याकाळी काही सहभागी तिथे येऊन बसले. आपल्या वागण्याचे वर्णन ऐकून एक बाई म्हणाल्या की असे मुळीच घडले नव्हते. त्यावर चर्चा रंगली, आणि लवकरच दिवसाच्या चर्चेपेक्षा या बैठकीतून लोक अधिक शिकू लागले.

आपला आवाज चढतो किंवा आपण दुसऱ्याला मध्येच तोडतो, हे आपले आपल्याला दिसत नाही. घरातली माणसे सांगतात तेव्हा भांडण होते. विश्वासाच्या गटात तीच गोष्ट ऐकता येते, आणि वेगळे वागून पाहण्याची संधीही तिथेच मिळते.

औषध कोणते?

१९७० मध्ये अर्विन यालोम या मनोविकारतज्ज्ञांनी गटातले असे गुणकारी घटक आपल्या ग्रंथात मांडले. 'मी एकटाच असा नाही' ही जाणीव त्यांत आहे आणि परस्परांकडून वागणे शिकणेही आहे. पण सर्वांत विचार करण्यासारखा घटक म्हणजे दुसऱ्याच्या उपयोगी पडणे. डॉक्टरसमोर एकटा बसलेला रोगी फक्त घेणारा असतो. गटात तो देणाराही होतो, आणि 'मी कुणाच्या कामाचा नाही' असे वाटणाऱ्या माणसासाठी ही मोठी गोष्ट आहे. १९३५ साली सुरू झालेली 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' ही चळवळ याच अनुभवावर उभी राहिली. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही व्यसनातून बाहेर पडलेली माणसे नव्याने आलेल्यांना हात देतात.

कसोटी

अनुभव बोलका असला तरी विज्ञानाला तुलना हवी. २००२ साली दक्षिण युगांडातील ३० खेड्यांत ती झाली. एड्सने होरपळलेल्या या भागात नैराश्य फार होते आणि मानसोपचारतज्ज्ञ जवळजवळ नव्हते. दोन आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक स्त्री-पुरुषांनी निम्म्या खेड्यांत गट चालवले. आठवड्याला दीड तास, असे १६ आठवडे. विषय होते जवळच्यांचा मृत्यू, घरातले तंटे आणि आयुष्यातली स्थित्यंतरे. शेवटी गटातील लोकांपैकी ६.५ टक्के नैराश्यग्रस्त राहिले. गट नसलेल्या खेड्यांत हेच प्रमाण ५४.७ टक्के होते.

दुसरा आकडाही पाहावा. त्या खेड्यांत सुरुवातीला ९४ टक्के लोक नैराश्यग्रस्त होते; म्हणजे उपचाराविनाही बरेच जण सावरले. तुलनेची खेडी नसती तर हेही श्रेय गटाला दिले गेले असते. शिवाय तुलना 'काहीच नाही' याच्याशी होती. तथापि एकट्याने आणि गटात घेतलेल्या त्याच उपचारांची तुलना करणाऱ्या पुढच्या अभ्यासांतही परिणामांत मोठा फरक आढळलेला नाही. गट म्हणजे केवळ स्वस्तातली सोय नव्हे, एवढे त्यावरून म्हणता येते.

औषध म्हटले की मात्रा आली

गटाने अपायही होतो. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकी विद्यार्थ्यांचे असे गट तपासले गेले. शंभरातल्या सात-आठ जणांना त्यातून टिकणारी मानसिक इजा झाली होती. नेता आक्रमक असेल आणि मन उघडण्याची सक्ती करत असेल, तिथे धोका अधिक होता.

आपला वर्ग हा उपचारगट नाही आणि आपण उपचारक नाही. पण मुलांना गोल बसवून बोलते करताना दोन गोष्टी पाळता येतील. गप्प बसण्याचा हक्क प्रत्येकाला असावा, आणि एकाच्या बोलण्यावर दुसऱ्याने हसू नये. एखाद्या मुलाचे बोलणे काळजी वाटावी असे असेल, तर ते वर्गापुढे उकलू नये. त्याला एकांतात भेटावे, पालकांशी बोलावे आणि तज्ज्ञांकडे पाठवावे. २०२२ पासून टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला देते.

आणि "मला नाही कळलं" म्हणणाऱ्या मुलीला शाबासकी द्यायला विसरू नये. त्या दिवशी तिने दहा जणांचे ओझे हलके केलेले असते.