शुऐबापासून बर्फ किती लांब?

कुवेत शहराच्या दक्षिणेला, साधारण ५० किलोमीटरवर, शुऐबा आहे. बंदर, कारखाने, टाक्या आणि पाइपलाइन. १९६८ साली सुरू झालेला इथला तेलशुद्धीकरण कारखाना २०१७ मध्ये बंद झाला, बाकीचे उद्योग चालूच आहेत. जुलै २०१६ मध्ये याच देशातल्या मित्रिबा इथे ५३.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. अशा ठिकाणाहून कुणी दिव्यांग खेळाडू बर्फाच्या उतारावरच्या शर्यतीत उतरेल का, हा प्रश्न वेडगळ वाटेल. मला तो रास्त वाटतो.

कुवेतमध्ये दिव्यांगांचा क्रीडा क्लब १९७७ साली सुरू झाला आणि १९८० च्या आर्नहेम पॅरालिम्पिकमध्ये देशाचे खेळाडू उतरले. २०१६ ला रिओत अहमद अल-मुतैरीने टी-३३ गटातल्या १०० मीटर व्हीलचेअर शर्यतीत सुवर्ण जिंकले. म्हणजे जिद्द आहे, क्लब आहे, पदकही आहे. तरी २०२२ पर्यंतच्या एकाही हिवाळी पॅरालिम्पिकमध्ये कुवेत नाही. भारतही नाही.

हिवाळी पॅरालिम्पिक १९७६ साली स्वीडनमधल्या ओर्नशोल्ड्सविक गावी सुरू झाले, तेव्हा १६ देश आले होते. त्यांत युगांडाचा अंध खेळाडू टोफिरी किबुका होता. तो सपाटीवरच्या लांब पल्ल्याच्या स्कीइंगमध्ये उतरला, पण विषुववृत्तावरचा देश बर्फावर पहिल्याच वर्षी पोचला ही गोष्ट विसरण्यासारखी नाही. पुढे २०१० ला व्हँकुव्हरमध्ये मेक्सिकोचा अर्ली व्हेलास्केझ बसून स्कीइंग करणाऱ्यांच्या गटात एकटा देशाचा झेंडा घेऊन आला. २०२२ च्या बीजिंग स्पर्धेत ४६ देश होते आणि अल्पाइन, म्हणजे उतारावरच्या, स्कीइंगमधून पोर्तो रिको हे उष्ण कटिबंधातले बेटही प्रथमच उतरले.

उतारावरच्या या स्कीइंगची रचना मुळात समजून घ्यावी अशी आहे. उभे राहून, बसून आणि दृष्टिबाधित असे तीन गट असतात. व्यंगाच्या तीव्रतेनुसार ठरलेल्या गुणकाने प्रत्यक्ष वेळेला गुणतात आणि मग निकाल लागतो, म्हणून एक पाय नसलेला आणि एक हात नसलेला एकाच शर्यतीत लढू शकतात. अंध खेळाडूच्या पुढे डोळस मार्गदर्शक असतो, दोघांच्या कानांत हेडसेट, आणि पदक दोघांनाही मिळते. बसून खेळणाऱ्याची बैठक अंगाला घट्ट बसणारी, तिच्याखाली धक्के झेलणारा शॉक अॅब्सॉर्बर आणि त्याखाली एकच स्की. दोन्ही हातांत टोकाला छोट्या स्की लावलेल्या काठ्या. वळण कमरेतून आणि खांद्यांतून घ्यायचे. डाउनहिलमध्ये वेग ताशी १०० किलोमीटरच्याही वर जातो.

खेळाडू अडतो तो या बैठकीपाशी, प्रशिक्षकापाशी आणि हिवाळाभर परदेशी राहण्याच्या खर्चापाशी. चीनचे उदाहरण बोलके आहे. २०१८ पर्यंत त्याच्या नावावर हिवाळी पॅरालिम्पिकचे एकच पदक होते, तेही कर्लिंगचे. सरकारने मनावर घेतले आणि २०२२ मध्ये १८ सुवर्णांसह ६१ पदके आली. बर्फ चीनकडे आधीही होताच.

बर्फ आपल्याकडेही आहे. बौद्धिक दिव्यांगांच्या स्पेशल ऑलिम्पिकच्या २०२५ मधल्या तुरीनच्या हिवाळी स्पर्धेत भारतीय चमूने ८ सुवर्णांसह ३३ पदके आणली, हे आपल्या वर्तमानपत्रांत कोपऱ्यातच राहिले याचे मला वाईट वाटते.

आणि महाराष्ट्राचा तर या वाटेशी जुना संबंध आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. १९७२ ला हायडेलबर्गमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात त्यांनी भारताला पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण दिले. त्याच स्पर्धेत ते स्लॅलममध्येही उतरले होते. म्हणजे खांबांमधून वळणे घेत चाकाची खुर्ची पळवण्याची शर्यत. बर्फावरच्या स्लॅलमला लागणारी नजर, खांद्यांची ताकद आणि वळणाचा अंदाज या मातीत तेव्हाही होता.

लष्कराकडे पुण्यात खडकीचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे, जिथे पाठीच्या कण्याला इजा झालेले जवान व्हीलचेअरवर खेळतात. लष्कराचेच हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल गुलमर्गला आहे, जिथे स्कीइंग शिकवतात. एका हिवाळ्यात खडकीचे चार जवान आणि चार बैठका गुलमर्गला पाठवायला कुवेतसारखे परक्या देशात बर्फ शोधावा लागत नाही. तो निर्णय दिल्लीत एका सहीवर होऊ शकतो.