कोगा आणि इगा: वैरी कादंबरीतले, शेजारी खरे

यामादा फुतारो यांची ‘कोगा निन्पोचो’ ही १९५९ सालची जपानी कादंबरी हातात घेतली की खाली ठेववत नाही. साल १६१४. तिसरा शोगुन थोरला नातू व्हावा की धाकटा, यावरून जपानवर राज्य करणाऱ्या तोकुगावा घराण्यात तिढा पडलाय. त्यांचा आजोबा, म्हातारा इएयासू, तो सोडवतो कसा? इगा आणि कोगा या पिढीजात वैरी निंजा कुळांतले दहा-दहा जण एकमेकांवर सोडून. त्यात दोन्हीकडच्या वारसांचं एकमेकांवर प्रेम. पुढचं सांगत नाही.

वारसाचा तिढा खरा आहे. पण तो कुणा निंजाने सोडवला नाही. थोरल्याच्या दाईने, कासुगाने, थेट इएयासूकडे गाऱ्हाणं नेलं आणि त्याने थोरल्याच्या बाजूने कौल दिला, असं सांगतात. तोच पुढचा शोगुन इएमित्सू.

कादंबरी वाचून डोक्यात पक्का बसतो तो गैरसमज मात्र या पिढीजात वैराचा. इगा आजच्या मिए प्रांतात, कोगा शेजारच्या शिगा प्रांतात. मधे फक्त डोंगर. (तिथले लोक स्वतः ‘कोका’ म्हणतात.) इगाच्या गावकऱ्यांनी सोळाव्या शतकात आपसात जो करारनामा केला, त्यात कोगाशी सहकार्य ठेवण्याचं आणि सीमेवर एकत्र बैठक घेण्याचं कलम आहे. हाडवैरी असं लिहून ठेवत नाहीत. १५८२मध्ये इएयासूचा मित्र, बलाढ्य सरदार नोबुनागा, याचा घात झाला आणि इएयासू मुलखापासून दूर अडकला, तेव्हा त्याला डोंगरवाटांनी सुखरूप घरी पोचवायला दोन्हीकडची माणसं धावली. १६७६मध्ये इगाच्या फुजिबायाशींनी हेरगिरीच्या विद्येचा ‘बान्सेन्शुकाई’ हा ग्रंथ रचला, तोही दोन्हीकडचं ज्ञान एकत्र करून.

कादंबरीत हात्तोरी हान्झो दिसतो, म्हणून तो गाजलेलाच हान्झो समजू नका. तो १५९६लाच वारला. हान्झो हे नाव घराण्यात चालत आलेलं. शिवाय तो गाजलेला हान्झो इएयासूच्या पदरी भाला चालवणारा सामुराई होता, फक्त त्याच्या बापाचं मूळ इगाचं. तोक्योतली हान्झोमोन मेट्रो त्याच्याच नावाची आठवण.

आणि कादंबरीतल्या निंजांच्या त्या अचाट विद्या? हातपाय नसलेला, जिभेने भाला फेकणारा माणूस ही यामादांची करामत. ते वैद्यकशास्त्र शिकले होते, शरीराशी असा खेळ त्यांनाच सुचावा. खऱ्या निंजांचं, म्हणजे ‘शिनोबीं’चं, काम बरंच रुक्ष: खंदकाची खोली मोजा, वाटा पाहा, भिंत कुठे कच्ची आहे ते कळवा. (‘निंजा’ हा उच्चारसुद्धा रुळला दुसऱ्या महायुद्धानंतर.) १६३८मध्ये शिमाबाराच्या बंडात कोगाची माणसं बंडखोरांच्या हारा किल्ल्यात शिरली. एक जण खड्ड्यात पडला. शेवटी वरून धोंड्यांचा मारा झेलत ते पळाले. पळता पळता शत्रूचं एक निशाण मात्र उचलून आणलं.