बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा

जुन्या गाडीची बॅटरी सारखी उतरतेय? नवी घ्यायची घाई करू नका, आधी मल्टीमीटर लावा. इंजिन बंद असताना पूर्ण चार्ज बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. सुरू करून थोडी रेस दिली की आकडा १३.८ ते १४.४ च्या आसपास चढायला हवा. चढला नाही तर बेल्ट ढिला आहे का, अर्थिंगची पट्टी गंजलीय का, ते बघा.

आणि सगळ्यांच्या नजरेतून सुटणारी गोष्ट: डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा! बऱ्याच जुन्या अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट त्याच बल्बमधून मिळतो. बल्ब उडाला की अल्टरनेटर धडधाकट असूनही चार्जिंग होत नाही. इग्निशन ऑन केल्यावर तो लागतोच ना, हे जरूर पाहा. आकडा १५ च्या वर गेला तर मात्र रेग्युलेटरवर संशय घ्या. गाडी तशीच चालवली तर बॅटरीतलं पाणी उडून जातं.