चौल-रेवदंडा बंदर

चौल-रेवदंडा हे महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील अलिबाग तालुक्यात, कुंडलिका नदीच्या मुखाशी वसलेले प्राचीन बंदर आहे. मुंबईपासून ते समुद्रमार्गे दक्षिणेस सुमारे २५ सागरी मैलांवर येते. चौल व रेवदंडा ही आज दोन स्वतंत्र गावे असली तरी इतिहासात ती एकाच बंदराची दोन अंगे होती : चौल ही खाडीच्या आतली जुनी पेठ, तर रेवदंडा हे पोर्तुगीजांनी मुखाजवळ उभारलेले तटबंदीचे शहर. अलिबागहून रस्त्याने येणाऱ्या प्रवाशाला नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये दडलेली दोन शांत गावे दिसतात. या जागेला बंदर का म्हणत, हे समुद्राकडून आल्यावर अधिक स्पष्टपणे कळते.

नाव आणि प्राचीन उल्लेख

इ. स. च्या पहिल्या शतकात एका अज्ञात ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी मार्गदर्शिकेत कल्याणच्या दक्षिणेकडील बंदरांत 'सेमुल्ला' हे नाव पहिले आहे. दुसऱ्या शतकातील भूगोलकार टॉलेमी त्याला 'सिमुल्ला' म्हणतो आणि स्थानिक लोक 'टिमुला' म्हणतात, अशी पुस्तीही जोडतो. कान्हेरी येथील लेण्यांतील दानलेखांत येणारे 'चेमुल' हे याच गावाचे नाव मानले जाते. ग्रीक कानांना 'च' हा वर्ण अपरिचित असल्याने एकाने त्याचा 'स' केला आणि दुसऱ्याने 'ट' ऐकला, असे या रूपांवरून दिसते. पुढे अरबांनी त्याच नावाचे 'सैमूर' केले.

हे नाविक ईजिप्तच्या तांबड्या समुद्रावरील बंदरांतून जुलैच्या सुमारास निघत, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर अरबी समुद्र ओलांडत आणि हिवाळ्यात ईशान्येचा वारा सुरू झाला की परतत. मधल्या महिन्यांत त्यांना किनाऱ्यावरच थांबावे लागे. बंदरात परदेशी माणसांची वस्ती का होई, याचे एक कारण या सक्तीच्या मुक्कामात आहे.

प्रवासी

अरब प्रवासी अल्-मसूदी हिजरी ३०४ मध्ये (इ. स. ९१६-१७) येथे आला. त्या वेळी शिलाहार राजा झंझ राज्य करीत होता आणि शहरात सुमारे दहा हजार मुसलमान राहत होते, असे त्याने नोंदवले आहे. त्यानंतर साडेपाचशे वर्षांनी, १४६९ च्या सुमारास, रशियातील त्वेर येथील व्यापारी अफानासी निकितीन होर्मुझहून गलबताने चौलला उतरला. विकण्यासाठी त्याने एक घोडा आणला होता. घाट चढून तो जुन्नरला पोहोचला तेव्हा तेथील खानाने घोडा काढून घेतला व धर्मांतर केल्यास परत देण्याची अट घातली. निकितीनने धर्म सोडला नाही आणि घोडाही अखेर परत मिळवला. परतीच्या प्रवासात दाभोळहून निघालेला निकितीन त्वेरला पोहोचण्यापूर्वीच, स्मोलेन्स्कजवळ मरण पावला. त्याचे स्मारक रेवदंड्यात आहे.

पोर्तुगीज काळ

१५०८ मध्ये चौलच्या खाडीत ईजिप्तचे आरमार व दीवच्या मलिक अयाझची जहाजे यांच्याशी झालेल्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. तरीही पोर्तुगीजांनी १५१६ मध्ये येथे वखार घातली आणि १५२१ नंतर किल्ला बांधला. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने घातलेला वेढा त्यांनी परतवला. खाडीच्या दुसऱ्या तीरावरील कोर्लईचा डोंगर १५९४ मध्ये त्यांच्या हाती आला. संभाजी महाराजांच्या सैन्याने १६८३ मध्ये चौलला वेढा दिला, पण ठाणे पडले नाही. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली आणि पुढच्या वर्षी तहाने रेवदंडा व कोर्लई मराठ्यांकडे आले.

वसई मोहिमेत मिळालेल्या चर्चच्या घंटा मराठी मुलखातील अनेक देवळांत बसवल्या गेल्या. पुणे जिल्ह्यातील नसरापूरच्या बनेश्वर मंदिरात १६८३ हे साल आणि क्रूस कोरलेली घंटा आहे, ती यांपैकीच एक मानली जाते. योगायोगाने हेच चौलच्या वेढ्याचेही साल आहे. समुद्रापासून दूर, घाटमाथ्यावरच्या गावात किनाऱ्यावरील सत्तांतराची खूण अशी हाताने वाजवता येते.

बंदराचा ऱ्हास एका लढाईने झाला नाही. खाडीत गाळ साचत गेला आणि जहाजे मोठी होत गेली. शिवाय अवघ्या काही तासांच्या अंतरावर मुंबईचे खोल, आडोशाचे बंदर वाढू लागले.

समुद्रमार्गे भेट

शिडाच्या नौकेने येणाऱ्यांसाठी मुंबई ते रेवदंडा हा एका दिवसाचा पल्ला आहे. मुंबई बंदराबाहेर पडल्यावर खांदेरी व उंदेरी ही जोडबेटे, मग अलिबागचा कुलाबा किल्ला आणि त्यापुढे चौल-कडू हा धोक्याचा खडक लागतो. कोर्लईचा डोंगर दिसू लागला की खाडी जवळ आली असे समजावे. नोव्हेंबर ते मार्च या काळात पहाटे जमिनीकडून मतलई वारा येतो व दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा जोर धरतो. दक्षिणेकडे जाताना हा खारा वारा पाठीशी राहतो. परतताना मात्र तोच नाळेवर येतो, म्हणून तांडेल पहाटे निघणे पसंत करतात.

ग्रीसमधील हायड्रा किंवा नाफ्प्लियो यांसारख्या बंदरांत नौका थेट गावाच्या धक्क्याला बांधून समोरच्या चौकात उतरता येते, कारण भूमध्य समुद्रात भरती-ओहोटीचा फरक अगदी थोडा असतो. येथे उधाणाच्या दिवशी तो तीन मीटरांहून अधिक होतो. भरतीला प्रशस्त दिसणारी खाडी ओहोटीला चिखल व वाळूचे दांडे उघडे करते. त्यामुळे चढत्या भरतीवर आत शिरणे, पुरेशा पाण्यात नांगर टाकणे आणि लहान होडीने किनारा गाठणे हाच सुरक्षित मार्ग ठरतो. रात्री येणे टाळावे. मासेमारीसाठी रोवलेले खुंट व डोलीची जाळी अंधारात दिसत नाहीत, आणि जाळे तुटले तर कोळी कुटुंबाचे मोठे नुकसान होते.

पावसाळ्यात हा प्रवास करू नये. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट वादळी लाटांत बुडून सहाशेहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. नारळी पौर्णिमेपर्यंत कोळी बांधव समुद्रात नौका घालत नाहीत, त्यामागे हाच पिढ्यांचा अनुभव आहे. स्वतःची नौका नसलेल्यांना गेटवेहून लाँचने किंवा भाऊच्या धक्क्यावरून मार्च २०२० मध्ये सुरू झालेल्या रो-रो सेवेने मांडव्याला उतरून पुढे रस्त्याने जाता येते.

पाहण्यासारखे

रेवदंड्याचा तट आता वाड्यांच्या कुंपणांत मिसळून गेला आहे. चर्चच्या पडक्या भिंतींमध्ये सुपारी वाळत घातलेली दिसते. 'सातखणी' हा उंच मनोरा दुरूनही ओळखू येतो. चौलच्या रामेश्वर मंदिरात पर्जन्यकुंड, वायुकुंड व अग्निकुंड अशी झाकलेली कुंडे असून, अवर्षणात पर्जन्यकुंड उघडण्याची प्रथा सांगितली जाते. टेकडीवरील दत्तमंदिर व बेने इस्रायल समाजाचे सिनेगॉगही पाहण्याजोगे आहे.

कोर्लई गावातील ख्रिस्ती वस्तीत 'नौ लिंग' म्हणजे 'आपली भाषा' बोलली जाते. पोर्तुगीज शब्दसंपत्ती आणि मराठी वाक्यरचना यांच्या मिश्रणातून ती घडली आहे. पोर्तुगीज निघून गेल्यावर पावणेतीन शतके ती टिकली, याचे कारण वस्तीचे वेगळेपण. तिचे भाषक हजाराच्या आसपास आहेत. आता खाडीवर पूल आहे, शाळा मराठीतून चालते आणि तरुण नोकरीसाठी बाहेर पडतात. किल्ल्याच्या पायथ्याशी वृद्ध स्त्रियांच्या तोंडी ती अजूनही ऐकू येते.