मरळ, तर्री आणि चिन्नोरचा भात

भाऊबीजेपासून भंडारा जिल्ह्यात गावोगाव मंडई भरू लागते. रात्री दंडार, खडी गंमत किंवा नाटक, आणि त्यासाठी आलेल्या लेकी-जावयांनी, सोयऱ्यांनी भरलेलं घर. धान कापणीला आलेला असतो, तलावातले शिंगाडे बाजारात दिसू लागतात. अशा दिवसांत पाहुण्याला मरळीचा रस्सा वाढला की त्याचा मान राखला गेला असं समजतात.

कोकणातल्या वाचकाला मरळीची महती सांगायची तर जिताड्याचा दाखला द्यावा लागेल. रायगडात जिताड्याचं जे स्थान, ते आमच्याकडे मरळीचं. जिताडा खाडीच्या तोंडाशी जन्मतो, लहानपणी गोड्या पाण्यात चढतो आणि अंडी घालायला पुन्हा खाऱ्याकडे उतरतो. आमच्या वैनगंगेचं पाणी प्राणहितेतून गोदावरीत आणि तिथून बंगालच्या उपसागराला मिळतं, आणि त्या मुखाशी आंध्रातले लोक हाच मासा पंडुगप्पा म्हणून चवीनं खातात. तो इथवर येत नाही. पण पांढरं, घट्ट, बारीक काट्यांचा त्रास नसलेलं मांस हवं असेल, तर मरळ त्याच्या तोडीस तोड आहे, आणि ती आमच्या बांधापलीकडच्या पाण्यात वाढते.

हे पाणीही माणसांनी साठवलेलं. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजानं या भागात तलाव बांधले ते धानासाठी. पुढे ते मालगुजारांकडे होते. १९५०च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि हे ‘माजी मालगुजारी’, म्हणजे लोकांच्या तोंडचे ‘मामा’ तलाव झाले. धानाला पाणी देता देता त्यांनी मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या पिढ्या पोसल्या. कुठल्या तलावात मरळ, कुठल्या खोलात बोटरी आणि कुठल्या काठाला झिंगे, हे ढिवराला पाण्याकडे पाहून कळतं.

मरळ हवेतूनही श्वास घेते, म्हणून बाजारात ती टोपल्यात जिवंत मिळते. जिवंतच घ्यावी. किलोभराची असली तर उत्तम. फार मोठीचं मांस चिवट लागतं. पावसाळ्यात तिची नारिंगी पिल्लं थव्यानं पाण्यावर येतात आणि मोठी मरळ त्यांची राखण करत खाली फिरते. त्या दिवसांत राखणीचा मासा पकडला की सगळी पिल्लं इतर माशांच्या तोंडी जातात. तेव्हा ती कुणी विकायला आणली तरी घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

तिच्या अंगाला बुळबुळीत चिकटा असतो. तो चुलीतल्या राखेनं घासून काढायचा, खवले खरवडायचे, मग मीठ-हळद चोळून दोन पाण्यांनी धुवायचं. हे नीट झालं नाही तर रश्श्याला चिखलाचा वास येतो आणि मग कितीही मसाला घातला तरी तो लपत नाही. दीड बोट जाडीचे गोल तुकडे करून मीठ, हळद, आलं-लसूण आणि थोडा चिंचेचा कोळ लावून ठेवावेत. डोकं टाकू नये, रश्श्याची खरी चव त्यातच आहे.

दोन कांदे सालीसकट विस्तवात भाजायचे. सुकं खोबरं, खसखस, धणे, जिरं, वाळल्या मिरच्या कोरड्या भाजून, चार मिरे आणि दोनच लवंगा घालून पाट्यावर बारीक वाटायचं. सावजी मटणाचा सगळा गरम मसाला इथे ओतण्याची आता पद्धत पडली आहे, ती मला मुळीच पटत नाही. पवनी-मोहाडीच्या कोष्टी घरांतला तो तिखट रस्सा मटणाला शोभतो. मरळ त्यात हरवते.

जवसाचं तेल धूर येईस्तोवर तापवून थोडं निवू द्यावं, मग मेथीचे चार दाणे, वाटण आणि तीन-चार भेदरं, म्हणजे टमाटर. तेल सुटलं की गरम पाणी घालून आधी डोकं सोडायचं, पाच मिनिटांनी तुकडे. यानंतर भांड्यात चमचा घालायचा नाही. कान धरून भांडंच हलवायचं. आठ-दहा मिनिटांत तर्री वर येते. उतरवून अर्धा तास झाकून ठेवलं की आंबट-तिखट तुकड्याच्या आतपर्यंत मुरतं. वरून हिरवा सांबार, अर्थात कोथिंबीर.

सोबत भात हवा तो चिन्नोरचाच. भंडाऱ्याच्या या सुवासिक तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पातळ तर्री शोषून घेणारा हा मऊ भात, बाजूला जवसाची चटणी, कच्चा कांदा, आणि आंबाडीच्या पाल्याची भाजी. शेपटीकडचे तुकडे तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर कुरकुरीत करावेत. मरळ परवडत नसेल त्या दिवशी वांग्यात झिंगे, आणि तेही नसतील तर भाजलेली सुकसी, म्हणजे सुकी मासळी, लसूण-मिरचीबरोबर कुटून. भाकरीशी ती कुणापुढे कमी पडत नाही.

पण हे सारं तलाव जिता असेल तर. जास्त वजन देणाऱ्या रोहू-कतल्याचं बीज सोडण्याच्या नादात गावरान मासे मागे पडले. काठांवर बेशरम नावाची झुडपं माजली, गाळ साचला. १९८८ साली पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द धरणानं वैनगंगा अडली, आणि नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे त्याच साठ्यात उतरतं. यावरचा एक उपाय लोकांनीच दाखवला आहे. १९९९पर्यंत भंडाऱ्याचाच भाग असलेल्या गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि ढिवर मंडळींनी मिळून तलावांतली बेशरम उपटली आणि चिला, गाद यांसारख्या देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. माशांना अंडी घालायला आणि लपायला जागा मिळाली, तसे गावरान मासे परतू लागले. भंडाऱ्यातल्या प्रत्येक मत्स्य सहकारी संस्थेनं बीजाच्या खर्चासोबत या लावणीचाही खर्च धरावा.

नागपूरच्या बाजारात बर्फातला जिताडा मिळाला, तर त्यालाही हाच रस्सा चालतो. फक्त राखेची गरज नाही, चिंच निम्मी घाला, आणि आठऐवजी पाच-सहा मिनिटांतच भांडं उतरवा.